निळ्या छपरांचा नकाशा

पांगिराव, ३ फेब्रुवारी

दिविना मॅडम,

तुमचा फोन बंद लागतो. तेरा दिवस रोज लावून बघितला. शेवटी कँटीनमधल्या फे मानाय म्हणाल्या, "लिहून दे. पोचवायचं कसं ते माझं मी बघते. कुठे पोचवते ते मात्र विचारू नकोस." मी विचारलं नाही. तुम्ही बेटावरच आहात की सकाळच्या बोटीने पलीकडे गेलात, तेही मला माहीत नाही.

आधी वर्गाचं सांगते. तुमच्या तासाला आता खेळाचे सर येतात. 'फिलिपिनो समाज आणि संस्कृती' हा धडा ते पुस्तकातून फळ्यावर उतरवतात, आम्ही फळ्यावरून वहीत उतरवतो, तोवर घंटा होते. काल 'शेजारधर्म' झाला, आज 'वडीलधाऱ्यांचा मान'. सरांचं अक्षर चांगलं आहे. प्रश्न कुणी विचारत नाही. तुमच्याही तासाला सुरुवातीला कुणी विचारत नव्हतं, तेव्हा तुम्ही वैतागून म्हणायचात, "मी काय खुर्च्यांना शिकवतेय?" आता खरंच खुर्च्यांना शिकवणं चाललंय आणि सरांना ते बरं वाटतंय.

कुंपणावरचा कागद अजून आहे. त्यावर तुमचा फोटो आहे, शाळेच्या वार्षिकातून कापलेला, आणि खाली लिहिलंय, 'ही बाई मुलांना डोंगरातल्या बंडखोरांच्या टोळीत पाठवते.' पावसाने एकदा तो गळून पडला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच जागी नवा, कोरा करकरीत. मुख्याध्यापक म्हणाले, "मी लावला नाही, मी काढणार नाही." मग आम्ही सगळे त्याच्यासमोरून मान खाली घालून आत जातो. मीसुद्धा.

मोटरसायकलवरचे ते दोघेही आहेत. फाटकासमोर थांबतात, प्लॅस्टिकच्या पिशवीतलं कोला नळीने पितात. हेल्मेट काढत नाहीत, नळीपुरतं वर सरकवतात. तुमच्या वेळी ते रोज यायचे. आता एक दिवसाआड येतात.

मॅडम, मला एकच विचारायचं आहे. त्या दिवशी मुख्याध्यापकांच्या खोलीत तुम्ही खोटं का बोललात?

तियो रोमुलो तेव्हा माझे मामा म्हणून आले नव्हते, गावचे निवडून आलेले कप्तान म्हणून आले होते. पांढरा शर्ट, मागे दोन माणसं. त्यांनी माझा नकाशा टेबलावर पसरला आणि विचारलं, "ही घरं रंगवायला पोरीला कुणी सांगितलं?" मी तोंड उघडणार होते. तुम्ही माझ्याकडे बघितलंत आणि म्हणालात, "मी." बस. मी माझ्या बुटांकडे बघत राहिले.

तुम्ही काहीच सांगितलं नव्हतं. तुम्ही फक्त नात्यांचा नकाशा मागितला होता. कोण कुणाचं रक्ताने, कोण लग्नाने, कोण बाप्तिस्म्याने. सगळ्यांनी एकेक पान केलं. माझा चार पानं जोडून झाला, कारण तियो अर्ध्या गावातल्या पोरांचे धर्मपिता आहेत. रंगांची कल्पना माझी. नोव्हेंबरच्या वादळानंतर ज्या घरांवर सरकारी पत्रे आले ती पांढरी सोडली आणि ज्यांच्यावर अजून ताडपत्री आहे ती निळी केली. रंगवून झाल्यावर मला स्वतःलाच दिसलं, आणि मी खाली एक ओळ लिहिली : 'एकही निळं घर आमच्या नात्यात नाही.'

तुम्ही सत्त्याण्णव दिलेत आणि लाल शाईने लिहिलंत, 'यावर विचार कर. सध्या कुणाला दाखवू नकोस.' आता तीच ओळ सगळीकडे दाखवली जाते. "बघा, पोरांना गुपितं ठेवायला शिकवते."

नकाशा त्यांच्यापर्यंत कसा गेला याचं तुम्हाला नवल वाटत असेल. जुनेलने माझ्या दप्तरातून काढला. माझा भाऊ कसा आहे तुम्ही ओळखता. बारंगायची, म्हणजे गावच्या कचेरीची, गाडी चालवायला मिळाल्यापासून कप्तान शिंकले तरी हा रुमाल काढतो.

उत्तर द्याल ना?

बेल


पांगिराव, १० फेब्रुवारी

दिविना मॅडम,

उत्तर आलं नाही. फे मानाय म्हणतात पत्र पोचलं. मग ठीक आहे.

काल तियो घरी आले होते. येताना गरम पाव आणले, आईसाठी गुडघ्याचं मलम आणलं. पायरीवर बसूनच पाव खाल्ला, कॉफीत बुडवून, लहानपणी खायचे तसा. आई पाट्यावर मिरच्या वाटत होती, अळूच्या भाजीसाठी. ती थांबली नाही.

"बेल," ते म्हणाले, "मी काय राक्षस आहे का गं?"

"नाही, तियो."

"वादळात म्हाताऱ्या सिसांगला पाठीवर घालून शाळेत कुणी आणलं?"

"तुम्ही."

"पाणी कुठवर होतं?"

"छातीपर्यंत."

"मग ते तुझ्या नकाशात कुठल्या रंगात आहे? दाखव ना मला. शोधलं मी, सापडलं नाही."

मॅडम, यावर काय बोलायचं ते कुठल्याच धड्यात नाही. कारण ते खरं आहे. मी स्वतः पाहिलंय त्यांना पाण्यातून येताना. बाबा गेले तेव्हा त्यांनीच आम्हाला त्यांच्या आवारात घर बांधून दिलं. जुनेलला काम त्यांनी दिलं. माझा शाळेचा पहिला गणवेश त्यांनी शिवून घेतला, तो मोठा झाला म्हणून मी रडले तर स्वतः हसत टाके घालत, दोरा दातांनी तोडत बसले होते. आणि सिसांग आजीच्या घरावर अजून निळी ताडपत्री आहे, कारण तिचा मुलगा निवडणुकीत दुसऱ्या बाजूला उभा होता. हेही खरं आहे. दोन्ही एकाच माणसात आहे, त्याला मी काय करू?

मग त्यांनी फोल्डरमधून कागद काढला. टाईप केलेला. 'मी, जेसाबेल तापेल, वय सतरा...' पुढे लिहिलंय की माझ्या शिक्षिकेने मला गावातल्या घरांची माहिती गोळा करायला भाग पाडलं, ती माहिती कुणासाठी होती ते मला सांगितलं नाही आणि हे गुप्त ठेवायला बजावलं. खाली दोन रेघा आहेत. एक माझ्या सहीची, एक आईच्या सहीची, कारण मी अजून सज्ञान नाही. पाच मार्चला शिक्षण खात्याकडून चौकशीला कुणी येणार आहे. त्यांच्यासमोर दोघींनी सही करायची.

"घाई नाही," तियो उठताना म्हणाले. "कॉलेजला चांगल्या वर्तणुकीचा दाखला लागेल ना तुला? बारंगायचा? ये ऑफिसात. पाच तारखेनंतर."

ते गेल्यावर जुनेल म्हणाला, "एक सही गं. हात मोडतो का तुझा?"

"खोटी आहे ती."

"तुझी मॅडम स्वतःच कबूल झाली ना? तिला नाही त्रास, तुला कसला?"

आईने वाटण काढून घेतलं, पाटा धुतला. तिने कागद वाचला, घडी घातली आणि मेरीमातेच्या चित्रामागे ठेवला, जिथे आम्ही विजेचं बिल ठेवतो. 

मी काय करू ते सांगा.

बेल


पांगिराव, १९ फेब्रुवारी

दिविना मॅडम,

पहिल्या पत्रात मी एक गोष्ट खोटी लिहिली होती. जुनेलने दप्तरातून काही काढलं नाही. तो बिचारा माझ्या दप्तराला हात लावत नाही, एकदा त्यात खेकडा होता तेव्हापासून.

नकाशा मीच दाखवला.

चौदा जानेवारीला तियोंचा वाढदिवस होता. अंगणात अख्खं डुक्कर भाजलं होतं, शेवयांचे ढीग, कराओकेचं यंत्र भाड्याने आणलेलं. तियो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते, "आमची बेल! सत्त्याण्णव! वर्गात पहिली!" कुणीतरी विचारलं, "कशात?" आणि मी आत जाऊन तो आणला. तुमची लाल शाईतली ओळ डोळ्यांसमोर होती, तरी आणला. ताटं सरकवून टेबलावर पसरला.

तुम्ही म्हणाल, मूर्ख मुलगी. पण मला काय वाटलं होतं सांगू? मला वाटलं, ते बघतील, कपाळावर हात मारतील आणि म्हणतील, 'अरेच्चा, ही राहूनच गेली की! उद्याच पत्रे पाठवतो.' शपथेवर सांगते, मला खरंच तसं वाटलं. मला वाटलं, त्यांना कुणी दाखवलंच नसेल.

त्यांनी बघितलं. बराच वेळ बघितलं. टेबलाभोवतीच्यांनी चमचे खाली ठेवले, पलीकडे कुणीतरी माईकवर भसाड्या आवाजात प्रेमगीत म्हणत होतं ते तेवढं चालू राहिलं. मग तियो हसले आणि नकाशाची नीट घडी घातली.

"चित्र छान काढलंयस. कल्पना कुणाची?"

"मॅडमची," मी म्हटलं.

मॅडम, मला विचारसुद्धा करावा लागला नाही. पाठ केलेलं उत्तर येतं तसं आलं. त्या क्षणी मला फक्त एवढंच हवं होतं की त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं होतं ते माझ्यावरून दुसरीकडे कुठेतरी जावं. ते गेलं. तुमच्यावर गेलं. मग मला शेवया वाढल्या आणि मी त्या खाल्ल्या.

म्हणजे मुख्याध्यापकांच्या खोलीत तुम्ही खोटं बोललात त्याच्या आठवडाभर आधीच मी ते बोलून बसले होते. तुम्हाला वाटत होतं तुम्ही मला वाचवताय. तुम्ही माझ्या खोट्याला होकार देत होता.

तुम्ही एकदा फळ्यावर 'उतांग ना लोओब' लिहिलं होतं. आतलं देणं. ज्याने आपल्यासाठी काही केलं त्याचं जे पोटात राहतं ते. आम्ही सगळ्यांनी लिहिलं, हा आपल्या लोकांचा मोठा गुण आहे. तुम्ही म्हणालात, "मान्य. पण हे देणं फिटलं असं कुणी ठरवायचं? घेणाऱ्याने की देणाऱ्याने?" कुणी हात वर केला नाही. मी केला नाही कारण मला उत्तर माहीत नव्हतं. आता थोडं कळतं. आमच्या घरात ते कधी फिटलेलंच नाही. आई दर सणाला त्यांच्याकडे स्वयंपाक करते, आम्ही त्यांना विचारल्याशिवाय कोंबडीसुद्धा विकत नाही, आणि हे सगळं आम्ही प्रेमाने करतो. प्रेमाने करतो, म्हणून तर दिसत नाही.

आता तुम्हाला सगळं माहीत आहे. आता तुम्ही उत्तर दिलं नाही तरी मला समजेल.

बेल


पांगिराव, २७ फेब्रुवारी

दिविना मॅडम,

तुमचा निरोप मिळाला. फे मानायनी मला चुलीमागे नेलं, केळी तळायचा झारा हातात तसाच, आणि कानात सांगितलं, "मॅडम म्हणतात, सही कर. तुझं कॉलेज जाऊ देऊ नकोस. माझं मी बघते."

"आणखी काय म्हणाल्या?"

"एवढंच."

"रागावल्या होत्या?"

"पोरी, निरोपाला चेहरा नसतो."

मी वर्गात जाऊन बसले आणि मला सुटल्यासारखं वाटलं. खोटं का सांगू? घोट घोट पाणी प्यायल्यासारखं बरं वाटलं. तुम्हीच सांगितलंय, मग झालं. ते बरं वाटणं साधारण दुपारपर्यंत टिकलं.

दुपारी शैलाच्या आईने मला रस्त्यात अडवलं. शैला माझ्या मागच्या बाकावर बसते, तिचं घर नकाशात नदीकाठी तिसरं, निळं. मला वाटलं, ही माझे आभार मानणार. तिने माझं मनगट घट्ट धरलं. "बेल, त्या चौकशीत आमचं घर दाखवू नकोस हं. कप्तानांनी सांगितलंय, पावसाळ्याआधी पत्रे येतील. फक्त गप्प राहायचं आहे. तू तेवढं गप्प राहा, बाई. तुझ्या डोक्यावर आहे ना छप्पर?"

मी 'हो' म्हटलं. कशाला ते कळलं नाही.

आणि आज शाळा सुटल्यावर ते दोघे माझ्यामागून आले. मोटरसायकल इतकी हळू चालवत होते की मी चालते आहे त्याच वेगाने. मी थांबले की थांबायचे. नारळाच्या बागेजवळ रस्ता अरुंद होतो, तिथे मला त्यांच्या इंजिनाची ऊब पोटऱ्यांना लागत होती. मी पळाले नाही. 

पुलापाशी समोरून जुनेल आला, बारंगायच्या गाडीत. त्याने गाडी आडवी घातली आणि उतरला. माझा भाऊ उंच नाही हे तुम्हाला माहीत आहे, पण छाती काढून उभा राहिला.

"काय काम आहे? ही कप्तानांची भाची आहे."

मागच्याने हेल्मेटची काच वर केली. डोळे हसरे होते. "माहीत आहे," तो म्हणाला.

ते वळून गेले. जुनेलला गाडी सुरू करायला तीनदा किल्ली फिरवावी लागली.  आवारात शिरताना त्याने एकच विचारलं, "त्यांना कसं माहीत गं?" आणि मग स्वतःच म्हणाला, "नको. सांगू नकोस."

मी सही करायची का, मॅडम? निरोप नको. मला तुमचा आवाज ऐकायचा होता.

बेल


पांगिराव, ६ मार्च

दिविना मॅडम,

झालं.

चौकशी शाळेच्या वाचनालयात होती. शिक्षण खात्याच्या एक बाई आल्या होत्या, तुमच्याहून मोठ्या, सर्दी झालेली, सारख्या नाक पुसत होत्या. त्यांच्या एका बाजूला मुख्याध्यापक, दुसऱ्या बाजूला तियो. समोर मी आणि आई. आईने चर्चला जायचा निळा झगा घातला होता. जुनेल दारात उभा होता.

बाईंनी टाईप केलेला कागद मोठ्याने वाचला. मग माझ्यापुढे सरकवला. "हे तुझं म्हणणं आहे?"

तुम्ही सांगितलं होतं सही कर. तुमचं सांगितलेलं एकही काम मी आजवर चुकवलं नाही. हे पहिलं.

"नाही," मी म्हटलं. "घरं रंगवायची कल्पना माझी होती. मॅडमना मी रंगवून दिल्यावरच कळलं. त्यांनी मला कुणाला दाखवू नकोस म्हणून लिहिलं, कारण त्या मला ओळखतात आणि या गावालाही. मी दाखवला. आणि कल्पना कुणाची असं विचारल्यावर मी घाबरून त्यांचं नाव सांगितलं."

"मग तुझ्या शिक्षिकेने स्वतः कबूल का केलं?"

"ते त्यांना विचारा. मलाही कळलेलं नाही."

तियो खुर्चीत मागे रेलले. आवाज चढवला नाही त्यांनी. "पोरीला पढवलंय. बघा ना, किती तयार उत्तरं. लहान आहे ती. तिच्या आईला विचारा. सही आईची चालते."

बाई आईकडे वळल्या. मॅडम, मी आईकडे बघितलं नाही. मला वाटलं, तिने पेन उचललं तर ते मला दिसायला नको. आम्ही राहतो ते घर त्यांच्या जागेत आहे. जुनेलची भाकरी त्यांच्या हातात आहे. तिने सही केली असती तर मी तिला दोष दिला नसता.

आईने पिशवीतून खरंच पेन काढलं आणि टेबलावर ठेवलं. "हे मी घरून आणलं होतं," ती म्हणाली. "इथे येईपर्यंत सही करणारच होते."

"मग करा."

"वाढदिवसाला मी हिच्या मागेच उभी होते, भाताचं पातेलं घेऊन. हिने मॅडमचं नाव घेतलं तेव्हा हिचे कान लाल झाले. खोटं बोलली की होतात, अगदी तान्ही असल्यापासून. मला तेव्हाच कळलं होतं. दीड महिना मी गप्प बसले." तिने पेन परत पिशवीत टाकलं. "आता मीही सही केली, तर एका घरात दोन खोटारड्या होतील. एक पुरे आहे."

सर्दीवाल्या बाईंनी नाक पुसायचं थांबवून तिच्याकडे बघितलं. मग कागदावर दोन तिरप्या रेघा मारल्या आणि खाली स्वतःच्या हाताने काहीतरी लिहिलं. तियो उठले, खुर्ची नीट आत सरकवली आणि जुनेलच्या खांद्याला धक्का न लावता बाहेर गेले.

आम्ही तिघं चालत निघालो. त्यांची जीप मागून आली. दरवेळी थांबते. काल थांबली नाही. धूळ खाली बसेपर्यंत आम्ही रस्त्याच्या कडेला उभे राहिलो, मग आई म्हणाली, "चला, अळू वाळून जाईल." आज सकाळी तियोंच्या माणसाने येऊन जुनेलकडून गाडीची किल्ली मागून घेतली. त्याने दिली. आणि मग अबाकाचा वाख सोलायला डोंगरावर निघून गेला, बाबा जायचे तसा.

आता मला तुमच्याशी भांडायचं आहे.

तुम्ही 'मी' म्हणालात तेव्हा तुम्ही माझं उत्तर खाऊन टाकलंत. ते वाक्य माझं होतं. कदाचित मी ते बोलले नसते. कदाचित बोललेही असते, आता कधीच कळणार नाही. तुम्ही माझ्यासाठी घर सोडलंत, नोकरी पणाला लावलीत, आणि वर 'सही कर' म्हणून निरोप पाठवलात. म्हणजे मी जन्मभर तुमचं नाव घेताना मान खाली घालायची. हे मी आमच्या घरात पुष्कळ बघितलंय, मॅडम. मोठ्यांनी छातीएवढ्या पाण्यातून आपल्याला आणायचं, आणि मग आपण त्यांच्या पाठीवरून उतरायचंच नाही.

मी तुमचे उपकार मानणार नाही. तुमच्यावर माझं प्रेम आहे. या दोन गोष्टी वेगळ्या ठेवायला मला शिकायचं आहे, आणि हे शिकवायला तुम्ही इथे असायला हव्या होतात. पुढच्या शाळेत कुणा पोरीसाठी खोटं बोलू नका. तिला घाम फुटू द्या.

बेल


पांगिराव, ९ एप्रिल

दिविना मॅडम,

तुमची कागदोपत्री सुटका झाली आणि तुम्ही बदली मागून घेतली, हे मुख्याध्यापकांनी प्रार्थनेच्या वेळी सांगितलं. कुठे ते सांगितलं नाही. कुंपणावर आता नुसते डिंकाचे डाग आहेत. कागद कुणी काढला ते कुणी बघितलं नाही, जसा लावताना बघितला नव्हता. मोटरसायकल दोन आठवडे दिसलेली नाही. तरी पुलाजवळ आलं की माझ्या पोटऱ्या आपोआप ताठ होतात.

परवा आमचा शाळेचा पदवीदान समारंभ झाला. मैदानावर मांडव, पांढरे झगे, उकाड्याने सगळ्यांची पावडर ओघळलेली. माझा नंबर दुसरा आला. पहिला का नाही ते मी विचारलं नाही. प्रमाणपत्रं द्यायला प्रमुख पाहुणे कोण, ते सांगायला नको. दरवर्षी तेच असतात.

वर्तणुकीच्या दाखल्यासाठी मी त्यांच्या ऑफिसात चारदा जाऊन आले होते. चारही वेळा बाकावर बसवून ठेवलं आणि चार वाजता कारकून म्हणाला, "कप्तान निघून गेले." मागच्या दाराने. चौथ्या वेळी मला त्यांच्या चपलांचा आवाज ऐकू आला.

माझं नाव पुकारलं. आईने पदक लावायला माझ्यासोबत यायचं होतं. आम्ही दोघी पायऱ्या चढलो. तियोंनी प्रमाणपत्र दिलं, नजर माझ्या डोक्यावरून पलीकडे. फोटोवाल्याने फोटो काढला. तिथून खाली उतरायचं, एवढंच होतं. पण माझ्या आधीच्या प्रत्येकाने त्यांचा हात घेऊन मानाने कपाळाला लावला होता, आणि ते माझे मामा आहेत. पाण्यातून म्हाताऱ्या माणसाला आणलेले, दातांनी माझा दोरा तोडलेले. मी वाकले आणि हात पुढे केला.

त्यांनी हात दिला नाही.

मी वाकलेलीच राहिले. सरळ व्हावं की नाही ते सुचेना. मला त्यांचे चकचकीत बूट दिसत होते आणि फळीतला एक खिळा. खाली बसलेली माणसं वारा घ्यायची थांबली, पुठ्ठ्यांची फडफड बंद झाली.  माझ्या मानेवरून घाम नाकापर्यंत आला.

तेवढ्यात माझ्या शेजारून आईचा आवाज आला. मोठा नाही. माईकलाही ऐकू गेला नसेल.

"रोमुलो."

मॅडम, आई त्यांना गावासमोर 'कप्तान' म्हणते आणि घरातही तेच म्हणायची सवय लागलीय. त्यांचं नुसतं नाव तिच्या तोंडून मी कधी ऐकलं नव्हतं. ती त्यांच्याहून नऊ वर्षांनी मोठी आहे. दोघांची आई लवकर गेली, तेव्हा त्यांना नदीवर नेऊन अंघोळ घालणारी, कान धरून शाळेत बसवणारी तीच. हे सगळं मला ठाऊक होतं, पण तिच्या त्या एका हाकेत मला ते पहिल्यांदा ऐकू आलं. ती रागावलेली नव्हती, गयावयाही करत नव्हती. जेवायला बोलवावं तशी हाक मारली तिने.

हात पुढे आला. मी तो कपाळाला लावला. गार पडला होता.

मी सरळ झाले तेव्हा ते आईकडे बघत होते आणि आई माझ्या झग्याला पदक लावत होती. पिन नीट बसेना. तिने ती तोंडात धरली, कापड दुमडून घेतलं आणि पुन्हा लावली.

दाखला अजून मिळालेला नाही. उद्या पुन्हा जाणार आहे. आई म्हणाली, या वेळी तीही येणार, आणि आम्ही दोघी मागच्या दाराशी बसणार आहोत.

बेल